पाण्याखालची पाटी

अकरा. पुन्हा अकराच?

भिंत जवळ आली तशी मी अंगाची जुडी केली, कोलांटी मारली, तळपाय भिंतीवर थापले आणि पाण्याखालून सरकत निघाले. हे सरकणं म्हणजे माझं जगातलं सगळ्यात मोठं सुख. ना आवाज, ना वजन, नुसतं जाणं. पण आज ते सुख मिळालं नाही. अकराची पाटी मी मघाशीच पाहिली होती. पिवळे दोन दांडे शेजारी शेजारी. आणि आता परत तेच दोन दांडे. मी वर आले, हात मारायला लागले, एक, दोन, तीन, श्वास, पण हात पोहत होते आणि मी मात्र तिथंच, मागच्या भिंतीपाशी त्या आकड्याकडे बघत उभी होते. मारेन चुकली. मारेन होल्कम, जी आपल्या वहीत समासाची रेघसुद्धा पट्टीनं मारते, ती चुकली. की चुकली नाही?

आमच्या शाळांच्या पोहण्यात सगळ्यात लांब शर्यत ही पाचशे यार्डांची. तलाव वीस वेळा कापायचा. डोकं खाली, दिसतो तो फक्त तळ, त्यावरची काळी पट्टी, आणि ती पट्टी इतक्या वेळा खालून जाते की आपण पोहतोय की तीच सरकतेय हे कळेनासं होतं. म्हणून पलीकडच्या टोकाला आपल्या शाळेची एक मुलगी पालथी पडून पाण्यात आकड्यांची पाटी धरते. जाताना एक, येताना दोन, त्यामुळे पलीकडच्या टोकाला कायम विषम आकडाच येतो. तेरा, पंधरा, सतरा आणि मग आकडाबिकडा काही नाही, नुसती लाल पाटी. लाल दिसली की वळायचं, आता एवढी एकच लांबी, असला नसला जीव काढायचा. मोजायचं काम पाटीवालीचं, पोहायचं काम पोहणारीचं. पोहणारीनं मोजायचं नसतं. मोजायला लागलं की हातपाय जड होतात, हे आमच्या गिब्लिन सरांचं ठरलेलं वाक्य. "पाण्यात डोकं चालवू नका पोरींनो. डोकं वर्गात चालवा. तिथं तर तुम्ही चालवतच नाही." ते आम्हाला इतिहास शिकवतात, त्यामुळे त्यांना माहीत असणारच.

मी आयुष्यात कधी मोजलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. लहानपणी उन्हाळ्यातल्या क्लबापासून मारेन माझ्यापुढे पोहायची. माझ्यासाठी लांब शर्यत म्हणजे मारेनचे पाय. तिच्या पायांचा पांढरा फेस दिसतोय तोवर पोहायचं, तो फेस थांबला की थांबायचं. ती पहिली, मी दुसरी, किंवा तिसरी, किंवा कुठंतरी. आई म्हणायची, "लिडिया, एकदा तरी त्या पोरीच्या पुढे जाऊन बघ, मेली काय खाते कोण जाणे." खाते म्हणजे काय, दुपारच्या सुट्टीत माझ्याच ताटातले तळलेले बटाट्याचे गोळे खायची. स्वतः सॅलड घ्यायची आणि खायची माझे गोळे. मला त्याचं काही वाटायचं नाही. कुणाच्या तरी मागे असण्यात एक निवांतपणा असतो, तो पुढे असणाऱ्यांना माहीत नसतो. मी त्या फेसामागून पोहता पोहता काय काय विचार करायचे, गाणी म्हणायचे, रसायनशास्त्राची सूत्रं म्हणायचे, घरी जाऊन काय खायचं ते ठरवायचे. मग गेल्या ऑक्टोबरात मारेनचा उजवा खांदा गेला. आधी नुसता कटकट वाजायचा, मग हात डोक्यावर जाईना, मग शस्त्रक्रिया. शेवटचं वर्ष, आणि तिचा मोसम सुरू व्हायच्या आधीच संपला. तेव्हापासून ती पाटी धरते. माझ्यापुढचं पाणी एकदम स्वच्छ झालं. इतकं स्वच्छ की पहिल्या दिवशी मला पोहताना भीती वाटली.

दोन अकरांच्या मधे मी कुठे होते? डिसेंबरात होते. आमच्या शाळेच्या तलावाच्या भिंतीवर विक्रमांचा फळा आहे. शर्यतीचं नाव, मुलीचं नाव, वेळ. सुटी सुटी अक्षरं खाचेत सरकवायची. आणि आमच्याकडची रीत अशी की जिचा विक्रम मोडला तिनंच शिडीवर चढून मोडणारीचं नाव लावायचं, सगळ्या संघासमोर. कुणी काढली ही रीत देव जाणे, खिलाडूपणा वगैरे शिकवायला काढली असेल. डिसेंबरात मी मारेनचा दोनशे यार्डांचा विक्रम मोडला. मोडला म्हणजे काय, मोडला गेला. बाहेर आले तर सगळ्या नाचत होत्या आणि मला कळेना काय झालं. आणि मग मारेन शिडीवर चढली, उजवा हात अंगाशी धरून, डाव्या हातानं अक्षरं काढतेय. गिब्लिन सर म्हणाले, "राहू दे गं, दुसरं कुणीतरी लावेल." ती म्हणाली, "सर, रीत म्हणजे रीत." स्वतःचं नाव काढलं, अक्षरं एका रिकाम्या पावडरच्या डब्यात टाकली. माझं आडनाव प्रोकोप. त्यात दोन ओ लागतात, सुट्या अक्षरांच्या मोठ्या डब्यात एकच सापडला. तर तिनं आपल्या होल्कममधला एक ओ काढून माझ्या नावात बसवला, आणि वरून म्हणाली, "लिड, ओ उधार दिलाय हं, परत हवाय मला." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण ती खाली उतरताना माझ्याकडे बघेल म्हणून मी पायातल्या चपलांकडे बघत बसले. त्यानंतर आम्ही एकमेकींकडे नीट बघितलेलंच नाही. बोलतो भरपूर. प्रयोगशाळेत एकाच टेबलावर असतो, ती थेंब मोजते, मी चंचुपात्र हलवते. पण बघत नाही. नजर जायला लागली की दोघींनाही एकदम काहीतरी काम आठवतं.

तेरा. तेराची पाटी आली आणि गेली. मनात म्हटलं, ही पंधरा आहे. बाई, ही पंधरा आहे, तू तेरा दाखवतेयस. तिचं मनगट तेवढं दिसलं, त्यावरचा जांभळा धागा, आणि पाटी मागेपुढे हलताना. पाटी हलवतात ती पोहणारीला जोर यावा म्हणून. मारेन जोरात हलवायची. कोलांटी, भिंत, सरकणं. आज काय पणाला लागलं होतं ते सांगून टाकते. या तलावावरच्या आजच्या शर्यतींतून ज्या पहिल्या आठ जणी निघतील, त्या राज्य स्पर्धेला जाणार. मी तीन वर्षं राज्य स्पर्धा प्रेक्षकांत बसून पाहिली, मारेनची पिशवी सांभाळत. हे शेवटचं वर्ष. जूनमध्ये शाळा संपली की कॉलेज, आणि कॉलेजात मला कोण घेतंय पोहायला. पोहले तर आज, नाहीतर संपलं. आणि दुसरंही एक पणाला लागलं होतं, ते मला तेव्हा कळत होतं पण मी ते मनात शब्दांत येऊ देत नव्हते. आता येऊ देते. मला हे जाणून घ्यायचं होतं की माझी मैत्रीण माझं वाईट चिंतते का.

कारण काल रात्रीचं ते बोलणं. मोठ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी आमच्याकडे पाय गुळगुळीत करण्याचा कार्यक्रम असतो. अख्खा मोसम आम्ही पायांवरचे केस वाढवतो, अस्वलासारख्या होतो, पाण्याला जरा अडवावं म्हणून. आणि मग शेवटी एका मुलीच्या घरी जमून, न्हाणीघरात, टबच्या काठावर ओळीनं बसून ते सगळे काढायचे. दुसऱ्या दिवशी उतरलं की पाण्यात अंग असं काही लागतं की आपण नवीन झालो असं वाटतं. काल पायपरच्या घरी जमलो होतो. पायपर साबो आमच्यात सगळ्यात लहान आणि या लांब शर्यतीत सगळ्यात वेगवान, शेवटच्या, सगळ्यात जलद गटात पोहणारी. तिच्या आईनं ढीगभर शेवया केल्या होत्या. मारेन काठावर बसली होती, हातात वस्तरा नाही, कारण तिला काय करायचंय. कुणीतरी म्हणालं, "मारेन, उद्या नीट मोज हं, आमच्या लिडचा प्रश्न आहे." आणि मारेन शेवया खाता खाता म्हणाली, "मोजते ना. दोन लांब्या जास्तच पोहायला लावते बघ तिला. विक्रम मोडते काय माझा." अख्खं न्हाणीघर हसलं. पायपर तर हसता हसता टबात पडली. मी पण इतकी हसले की वस्तरा घोट्याला लागला. आणि मग घरी जाताना गाडीत, आई बडबडत होती, खिडकीबाहेर बर्फानं भरलेली कुंपणं मागे जात होती, आणि मला वाटलं, थट्टाच ती. थट्टाच होती ना? असं कोण करतं? मुद्दाम कुणी करणार नाही. पण मुद्दाम नाही, नुसतं हाताकडून झालं तर? मनातल्या मनात कुठंतरी एखादी पाटी उलटायची राहूनच गेली तर? मी घोट्यावर कागदाचा तुकडा चिकटवला आणि ठरवलं, उद्या आपण मोजायचं. मनात. कुणाला न सांगता.

म्हणून मी आज मोजत होते. आणि मोजायचं ठरवलं की पाणी किती बदलतं! पूर्वी पाणी म्हणजे पाणी होतं, आता त्याचे तुकडे पडले. पण मला मोजायची सवय नाही, आणि माझं मन म्हणजे उघड्या दाराचं घर, कुणीही येतं जातं. पहाटेचा सराव आठवत होता. बाहेर काळोख, शाळेच्या इमारतीत फक्त तलावाचे दिवे, आणि आम्ही जांभया देत काठावर उभ्या, पहिली उडी मारणारी कोण यावर भांडण. "तू मार." "तूच मार, काल मी मारली होती." "मारेन मारेल." आणि मारेन मारायची, नेहमी. मग शाळेची घंटा व्हायच्या आत ओल्या केसांनी पटांगण ओलांडून मुख्य इमारतीत पळायचं, आणि तेवढ्यात केस गोठून त्यांच्या काड्या व्हायच्या. मारेन माझी एक काडी धरून मोडायची, मी तिची. कट, कट असा आवाज यायचा. पहिल्या तासाला रेडिएटरजवळ बसून त्या काड्या वितळायच्या आणि वहीवर थेंब पडायचे. अख्ख्या शाळेला आमचा क्लोरीनचा वास यायचा. शाळेच्या नाचाच्या रात्री माझे केस हिरवट दिसत होते आणि मला नाचायला विचारणारा मुलगा म्हणाला होता, "दिवा बदलल्यामुळे दिसतंय का असं?" मारेननं त्याला सांगितलं, "नाही रे, ती शेवाळ आहे, जपून नाच." ही अशी मुलगी. ही माझं वाईट कशाला चिंतेल? आणि तरीही मोजतच होते.

पंधरा. म्हणजे माझ्या हिशेबानं सतरा. शेजारच्या पट्ट्यात कॅंटन गावाकडची एक उंच मुलगी होती, निळ्या टोपीची, माझ्या थोडी पुढे. श्वास घ्यायला त्या बाजूला मान वळली की तिची काख आणि तोंड दिसायचं. ती काही वेग वाढवत नव्हती. मला वाटलं, हिला दम लागला. बरंच झालं. ही लांबी संपली की शेवटच्या दोनच लांब्या, आणि मला हे माहीत आहे, हिला माहीत नाही, असा काहीतरी आचरट आनंद मला झाला. शेवटच्या फेरीला जी सगळ्यात पुढे असते तिच्यासाठी पंच घंटा वाजवतात. आणि देवाशपथ, मला घंटा ऐकू आली. टोपीखालून, पाण्यातून, लांबून, ठण ठण ठण. झालं! माझी खात्री पटली. मारेन एक पाटी मागे होती आणि मी बरोबर होते. मला एकाच वेळी इतकं वाईट आणि इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. हिनं केलं, मनात म्हटलं. हिनं खरंच केलं. आणि मग दातओठ खाऊन मी निघाले.

पलीकडची भिंत आली. पाटी सतरा. लाल नाही, सतरा. मनगट जीव तोडून हलत होतं. मी त्या मनगटाकडे बघितलं आणि पाण्याखाली, तोंडातून बुडबुडे सोडत, चक्क बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. कोलांटी मारली आणि आयुष्यात पोहले नाही अशी पोहले. श्वाससुद्धा घेतला नाही. निळी टोपी मागे पडली, काळी पट्टी खालून सुसाट गेली, छातीत आग, पायांत आग, आणि हात भिंतीला. थाप! डोकं वर. टोपी ओढून काढली. दंडानं डोळे पुसले.

आणि कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

माझ्या डोक्यावर, काठाशी, वेळ घेणारे दोन पालक उभे होते, कुणाचेतरी बाबा आणि कुणाचीतरी आई, हातात घड्याळं. त्यांनी बोलायचं नसतं. ते बोलले नाहीत. पण त्या बाबांचं तोंड असं उघडं पडलं होतं की आतला चांदीचा दात दिसत होता. शेजारी निळी टोपी आली, कोलांटी मारली आणि परत गेली. पलीकडची आली, गेली. सगळ्या जात होत्या. आणि वर प्रेक्षकांत आई होती, गायीच्या गळ्यात बांधतात तसली घंटा हातात घेऊन उभी, जी ती प्रत्येक शर्यतीला आणते आणि जिची मला प्रत्येक वेळी लाज वाटते. आता ती घंटा तिच्या हातात लटकत होती, वाजत नव्हती. मग मी समोर बघितलं. तलावाच्या त्या टोकाला मारेन उभी राहिली होती. पाटी पाण्याबाहेर, डोक्यावर, दोन्ही हातांनी हलवत होती, उजव्या हातानंसुद्धा, जो हात डोक्यावर न्यायला डॉक्टरांनी तिला मनाई केलीय. तोंड उघडं होतं. इतक्या कल्लोळातही मला ऐकू आलं. "जा! गधडे, जा ना! जा!" एवढ्या लांबून, इतक्या महिन्यांनी, मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो चेहरा वेडावाकडा झाला होता. त्यात रडू होतं आणि राग होता आणि फक्त एकच इच्छा होती, की मी जावं. माझं वाईट चिंतणारं त्यात काही म्हणजे काही नव्हतं. आंधळ्यालाही दिसलं असतं.

भिंतीला थांबलात तरी शर्यत बाद होत नाही. पाय टेकून चालायचं नाही, एवढंच. मी भिंतीला लाथ मारली. टोपी कुठं राहिली कोण जाणे, केस डोळ्यांवर. हातात काही उरलं नव्हतं, मघाच्या मूर्खपणात सगळं घालवलं होतं. खऱ्या घंटेचा आवाज तेव्हा आला, पंचांच्या, आणि तो अगदी वेगळा होता, बारीक. पलीकडे पाण्याखाली लाल पाटी दिसली. इतकी लाल की अख्खं पाणी तांबूस वाटलं. ती हलत नव्हती या वेळी. स्थिर धरलेली होती, नीट दिसावी म्हणून. मी वळले आणि आले. बस्स, आले.

बाहेर पडल्यावर गिब्लिन सरांनी खांद्यावर टॉवेल टाकला आणि "इतिहासात याहून वाईट झालेलं आहे" एवढंच म्हणाले. निकालाच्या फलकावर माझं नाव त्या वेळेपुरतं सहावं होतं. पण शेवटचा गट उरला होता, जलद पोरींचा, आणि त्यातल्या किती जणी माझ्यावर चढतील त्यावर सगळं अवलंबून. मी तलावाला वळसा घालून त्या टोकाला गेले. मारेन ओणवी होऊन पायपरसाठी पाटीचे आकडे परत सुरुवातीला लावत होती. तिचा सदरा गळ्यापर्यंत ओला होता. मी शेजारी उभी राहिले.

"तुला अकरा दोनदा दिसले ना?" ती वर न बघता म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"मान वाकडी करून श्वास घेतलास तेव्हा. तुझ्या शेजारची पुढे होती, तिची पाटी पाहिलीस तू. मग माझी पाहिलीस. एकाच भिंतीला." ती आकडे उलटत राहिली. एका श्वासात मी अख्खा डिसेंबर आठवून आले होते, आणि मला वाटलं होतं मधे फेरी झाली. "मला वाटलं, काय फरक पडतो, ही काही मोजत नाही," ती म्हणाली.

आकडे उलटणारी तिची बोटं थांबली.

"मोजत होतीस."

"हो."

"आधी कधी मोजलं नाहीस."

"नाही."

"आजच का?" आता तिनं वर बघितलं. "त्या न्हाणीघरातल्या बोलण्यावरून? लिड? त्यावरून?"

मी काही म्हणायला हवं होतं. सॉरी तरी. तिचे डोळे भरले आणि तिनं ते ओल्याच मनगटानं पुसले. म्हणाली, "मी चार महिने इथं पालथी पडतेय. दुसरी कुठली बाई पडली असती गं?" आणि तेवढ्यात शिट्टी झाली, पोरी ठोकळ्यांवर चढल्या, आणि ती तोंड फिरवून काठाशी आडवी झाली.

मी तिथंच उभी राहिले. मारेनला मोजताना मी कधी पाहिलंच नव्हतं, मी कायम पाण्यात. मला दिसायचं ते मनगट आणि धागा. बाकीच्या पाटीवाल्या पोरी काठावर गुडघे टेकून बसल्या होत्या, गप्पा मारत, पाटी पाण्यात जेमतेम बुडेल एवढी धरून. दोघी तर एकमेकींना काहीतरी दाखवून हसत होत्या. मारेन मात्र छातीवर पडली होती, अर्धी काठाबाहेर, हात खांद्यापर्यंत आत, गाल पाण्याला टेकलेला, पाटी खूप खाली, जिथं पोहणारीची नजर असते तिथं. पायपर जवळ आली की ती गाल पाण्यात घालून ओरडायची, पाण्यातच, बुडबुडे यायचे. पायपरला ते ऐकू जाणार नाही, हे तिलाही माहीत. मलाही चार महिने कधी ऐकू आलं नव्हतं. आणि हात उजवा. डावा वापर की, मनात म्हटलं. पण डाव्या हातानं काठ धरावा लागतो, नाहीतर ती पडेल आत. प्रत्येक वेळी पाटी बाहेर काढून आकडा उलटताना ती खालचा ओठ चावायची. प्रत्येक वेळी. माझ्यासाठीही तसाच चावला असणार, अख्खा मोसम. मला तिथंच, सगळ्या लोकांसमोर, ओल्या कपड्यांत, मोठ्यानं रडायला आलं, आणि मी रडले. एक पाटीवाली पोरगी माझ्याकडे बघून जरा सरकली.

लाल पाटी गेली. पायपर दुसरी आली. पलीकडे सगळे ओरडत होते, गिब्लिन सर उड्या मारत होते. फलकावरची नावं खालीवर झाली, थांबली. मी माझं शोधलं. आठव्या ओळीच्या खाली होतं. आठवीच्या आणि माझ्यामधे, भिंतीला मी जेवढी थांबले त्याहूनही कमी अंतर होतं.

मारेन तशीच पालथी पडली होती. तिथून तिला फलक दिसत नव्हता.

"कितवी?" तिनं विचारलं.

"नववी."

तिच्या पाठीवरचा ओला सदरा वरखाली होत होता. पाटी तिनं काठावर ठेवली, नीट, आकडे वर. तो खांदा घेऊन तिला आपलं आपण उठता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. चार महिने तिला कोण उठवत होतं, कोण जाणे. मी तर त्या वेळी दुसऱ्या टोकाला दम खात असायचे. तिनं डावा हात मागे केला आणि हवेत तसाच धरला. मागे कोण उभं आहे ते तिनं वळून बघितलंसुद्धा नाही.